काचमिस्त्रींचा साक्षीदार

काचमिस्त्री फुटक्या बाटलीपेक्षा सीलबंद बाटलीवर जास्त संशय घ्यायचे. "फुटकी निदान सांगती तरी, मी फुटलेय म्हणून," असं त्यांचं म्हणणं. "सील बघून तेल घेणारा आन फेटा बघून पोरगी देणारा, दोघंबी मागून रडत्यात." उमरग्यात मुरुम गावाकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज. मोटारसायकलच्या खड्ड्यांचे धक्के झेलणाऱ्या पुढच्या शॉकअपचं काम करावं तर त्यांनीच. त्यांचं खरं नाव मला तीन वर्षांत कळलं नाही. विचारलं असतं तर "कशाला पायजे?" म्हणाले असते.

काचमिस्त्री हे नाव पडलं ते काचेमुळे. बसच्या फुटक्या आरशाचा एक तुकडा त्यांनी जपून ठेवला होता. शॉकअपसाठी नवीन तेल आलं की सकाळीच, शेडवर ऊन यायच्या आधी, काच पुसायची. डाव्या कडेला जुन्या तेलाचा एक थेंब, उजव्या कडेला नव्याचा, आणि काच विटेवर तिरपी करायची. दोन्ही थेंब बरोबरीनं उतरले तर तेल पास. नवा पुढं पळाला तर तेल पातळ, म्हणजे भेसळीचं. जुनं तेल एका तपकिरी औषधाच्या बाटलीत होतं. फार वर्षांपूर्वी सोलापूरला मिस्त्री लोकांच्या शिबिरात त्यांनी ते डोळ्यांदेखत भरून घेतलं होतं. त्या बाटलीला ते 'साक्षीदार' म्हणत आणि पत्र्याला लागून असलेल्या फळीवर ठेवत. दुपारी मात्र काच निघायची नाही. "उन्हात सगळीच तेलं सारखी पळत्यात. तवा पारख करायची न्हाय."

गिऱ्हाइकाची पारख त्याहून कडक. गाडीवर किती माणसं, किती ओझं, रस्ता कुठला, हे कळल्याशिवाय शॉकअपमध्ये किती तेल घालायचं ते ठरत नसे, आणि गिऱ्हाईक खरं बोलतंय यावर त्यांचा कधीच विश्वास नसे. एक जण म्हणाला, "मी एकटाच फिरतो, मिस्त्री." मिस्त्रींनी मागच्या कॅरियरवर दोरीनं घासून पडलेल्या खाचा दाखवल्या. "मग ह्या दोरीनं सोताला बांधून घेता का?" तेव्हा त्यानं दुधाच्या कॅनांची कबुली दिली. दुसऱ्या एकानं घरच्या ट्रॅक्टरचं तेल डबड्यात आणलं. "दोन्ही हायड्रोलिकच की!" मिस्त्री म्हणाले, "बैल आन शेळी दोन्ही जनावरंच. औताला शेळी जुपता का?"

मी बी.एस्सी.ला होते. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. वडील दिवसभर मेंढरांमागं रानात, त्यामुळं त्यांची गाडी दारातच असायची. ती घेऊन मी गावाहून उमरग्याला यायचे. पहिल्यांदा गॅरेजला गेले तेव्हा मिस्त्रींनी माझ्या मागं बघितलं. भाऊ कुठंतरी उभा असेल असं त्यांना वाटलं असावं.

"गाडी कोण चालवतं?"

"मीच."

"लायसन?"

मी दिलं. त्यांनी ते उजेडाकडं धरून उलटंसुलटं पाहिलं. "फोटू तुझाच हाय. पर लायसन गाडी चालवत नसतं, पोरी. त्या वडाच्या झाडापातुर जाऊन ये." मी भीत भीत जाऊन आले. ते सगळा वेळ माझ्याकडं नाही, पुढच्या चाकाकडं बघत होते. परत आल्यावर म्हणाले, "उजव्या हातचा ब्रेक उशिरा दाबतीस. कुणीतरी तुला भ्या घातलंय पुढच्या ब्रेकचं." ते वडिलांनी घातलं होतं. हे त्यांना कसं कळलं, अजून मला माहीत नाही.

शॉकअपचं तेल ते अण्णांकडून घ्यायचे. अण्णांचं स्पेअर पार्टचं दुकान बाजारात होतं आणि दोघांची वीसेक वर्षांची दोस्ती होती. मग एका वर्षी अण्णांचं तेल काचेवर पळालं. मिस्त्रींनी दुसऱ्या बाटलीचं सील फोडलं, तेही तेल पळालं. ते तडक दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "अण्णा, तेलात खोट हाय तुझ्या."

अण्णांनी खरेदीचं बिल काढून दाखवलं. मिस्त्री म्हणाले, "बिल छापता येतंय."

उमरग्यात काचमिस्त्रींचा शब्द म्हणजे शिक्का. तेलात खोट तर ब्रेक-शूमध्ये कशावरून नाही, असं लोक बोलू लागले. बाकीचे मिस्त्री दुसरीकडून माल घेऊ लागले. अण्णा दिवसभर दुकानात बसून फळ्यांवरची धूळ झटकताना दिसत. मीही त्यांच्याकडं संशयानं बघायचे, हे कबूल केलं पाहिजे. मिस्त्रींनी हायवेच्या एका दुकानातून सुटं तेल आणलं. ते काचेवर साक्षीदाराच्या बरोबरीनं उतरलं, आणि तेच माझ्या गाडीत पडलं.

त्यानंतर गाडी दगडासारखी चालू लागली. प्रत्येक खड्डा थेट मनगटात यायचा. पहिल्या तासाला पेन धरताना बोटांना मुंग्या येत. मला वाटलं, माझेच हात नाजूक.

त्याच महिन्यात आम्हाला प्रॅक्टिकलला द्रवाचा दाटपणा मोजायला शिकवलं. काचेच्या बारीक नळीतून द्रव उतरायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून बघायचं. मी मॅडमना घाबरत विचारलं, तेल मोजू का? मला मिस्त्रींचं म्हणणं पुस्तकानं सिद्ध करून दाखवायचं होतं. साक्षीदारातलं थोडं तेल मागितलं तर मिस्त्री म्हणाले, "कुणी पाठवलंय तुला?" शेवटी सिरिंजनं काढून दिलं आणि बाटलीवर उरलेल्या तेलाची खूण केली. अण्णांकडून मी बंद बाटली विकत घेतली.

अण्णांचं तेल बाटलीवर छापलेल्या आकड्याला जुळलं. साक्षीदार जुळला नाही. तो कितीतरी दाट होता. मी तीनदा मोजलं, मग मॅडमनी मोजलं. त्या म्हणाल्या, "वर्षानुवर्षं पत्र्याच्या उष्णतेत, वरचेवर उघडझाक. तेल घट्ट होणारच." म्हणजे चांगलं तेल साक्षीदारापुढं पळत होतं आणि चुकीचं, जाड तेल पास होत होतं. माझी गाडी दगडासारखी झाली होती ती त्यामुळंच.

चार दिवस मी गॅरेजवरून मान खाली घालून गेले. ज्यांच्या शब्दावर गाव चालतं त्यांना मी, मेंढपाळाची पोरगी, काय सांगणार? पण पाचव्या दिवशी अण्णांच्या दुकानावर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी दिसली, आणि मी गाडी वळवली.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझी नळी बरोबर हाय, हे कुणी तपासलं?"

"आधी पाण्यानं तपासतात, मामा. पाण्याला किती वेळ लागतो ते माहीत असतं."

"पाणी कुणाचं?"

"लॅबचं. शुद्ध केलेलं."

त्यांनी फळीवरची बाटली घेतली, बूच काढलं, हुंगलं. "सगळ्यास्नी तपासलं म्या," ते म्हणाले, "ह्यालाच तेवढं न्हाय."

ते बाजाराच्या दिवसापर्यंत थांबले, कारण त्या दिवशी दुकानांपुढं गर्दी असते. अण्णांच्या दुकानात मी बरोबर गेले होते. त्यांनी हात न जोडता, मोठ्यानं सांगितलं, "अण्णा, तेल तुझं खरं व्हतं. माझी बाटली खोटी निघाली."

अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. "आज काय नवीन काढलंस?"

"खरंच सांगतोय. लिहून देतो."

"नगो. लिहिलेलं बी छापता येतंय."

कुणी हसलं नाही. मिस्त्री परत आले आणि आठवेल त्या गिऱ्हाइकाला निरोप धाडून त्यांनी जाड तेल काढून टाकलं. माझ्या गाडीपासून सुरुवात केली. दुकानावरची भाड्याची पाटी नंतर उतरली, थोडं गिऱ्हाईकही परतलं, पण अण्णा गॅरेजकडं फिरकले नाहीत. मिस्त्रींचं बोलणं कमी झालं. एखादा नट आवळून झाला तरी ते पुन्हा पाना लावून बघत. ते मला बघवत नसे. मी त्यांना सांगितलं ते बरोबर केलं का, असं वाटायचं.

एम.एस्सी.साठी मी लातूरला निघाले, त्याच्या आदल्या सकाळी निरोप घ्यायला गेले तर गॅरेजसमोर अण्णांची जुनी मोटारसायकल उभी होती. पुढचे दोन्ही शॉकअप उघडलेले. अण्णा स्वतःच्या दुकानातली सीलबंद बाटली घेऊन बाकड्यावर बसले होते. मिस्त्रींनी ती घेतली आणि सील फोडलं. काच काढली नाही.

"थांब," अण्णा म्हणाले. "माझा इस्वास न्हाय तुझ्यावर. दोन्हीकडं सारखं घालतोस का, दाखव."

मिस्त्रींनी मापाच्या भांड्यात तेल ओतलं. अण्णा उठून जवळ आले आणि रेघेवर डोळा लावून वाकले. मिस्त्रींनी भांडं उंच करून उजेडाकडं धरलं, अण्णांना नीट दिसावं म्हणून, आणि अण्णांचं बघून होईपर्यंत हात तसाच वर ठेवला.