नागपुरात राहिलेला गोळा

मी मेडशीत बायकांचे ब्लाऊज शिवते. कोण वाळली, कोण भरली, हे तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळतं. स्वतःचं माप घ्यायला मात्र दोन वर्षं सवड झाली नाही. मग एका लग्नासाठी स्वतःचाच ब्लाऊज बेतायला घेतला, तर दंड वाळलेले, गळा सैल आणि परकराची नाडी कशीबशी गाठीला पुरत होती. असं माप मी आजवर फक्त पोटुश्या बायांचं लिहिलं होतं, आणि माझा तो मुहूर्त कधीच टळून गेला होता.

वाशिमला सोनोग्राफी केली. डाव्या अंडाशयावर नारळाएवढा गोळा निघाला. किन्हीराजा गावची नणंद लगेच म्हणाली, "वहिनी, पिशवीच काढून टाक न. आमच्या गल्लीत अर्ध्या बाया बिनपिशवीच्या हायेत, काही अडते का त्यायचं?"

सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र मला परत आत बोलावलं. गोळ्याच्या आत त्यांना पडदे आणि फुगवटे दिसत होते. "हा कुठेही कापून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "वाईट असला आणि पोटात फुटला, तर दुखणं पसरेल. रोज हेच काम करणाऱ्याकडे जा." आणि नागपूरचा पत्ता लिहून दिला. त्या बाईंचे ब्लाऊज मी जन्मभर फुकट शिवायला तयार आहे. त्या ड्रेस घालतात, ही माझी अडचण.

नागपूरच्या डॉक्टर माझ्याहून लहान. त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. गोळा न फोडता प्लास्टिकच्या पिशवीत घालून काढायचा. ऑपरेशन चालू असतानाच तो तपासायला पाठवायचा. साधा निघाला तर काम तिथेच थांबणार. कॅन्सर निघाला तर आतलं बरंच काही जाणार आणि पुढे औषधांचे महिने. मी हसून मान डोलावली आणि बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी मराठीतला एक कागद आणला. तपासणी झाल्यावर गोळ्याचा एक तुकडा अभ्यासासाठी जपून ठेवायला परवानगी हवी होती. नाही म्हटलं तरी उपचार तोच. मी झोकात सही केली. आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलं नाही. म्हटलं, गोळा तरी जाईल.

ही सही मी सासूबाईंना सांगितली नाही. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. घरातल्या प्रत्येक लेकराची नाळ त्यांनी आपल्या हाताने शेतातल्या लिंबाखाली पुरलेली. अंगातलं निघालं की आपल्याच मातीत जायला हवं, हा त्यांचा कायदा. त्या नागपूरला आल्या त्या झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन. मला वाटलं, चिवडा असेल.

पुढचा प्रवेश सगळ्यात रंगला आणि त्याच प्रवेशाला मी टेबलावर बेशुद्ध. ह्यांनी नंतर सांगितला तो असा. नर्सने नातेवाइकांना गोळा दाखवायला ट्रे बाहेर आणला. आत्याबाई वाकून म्हणाल्या, "एवढा मोठा? आन् सून म्हने, गॅस हाय." मग डबा उघडून पुढे केला. "टाका यात."

नर्सने डॉक्टरांना बोलावलं.

"आजी, हा अजून तपासायचाय."

"पाह्यला न तुमी. आता माह्या सुनेचं मले द्या. मातीत घालतो."

"पुरलात तर मातीला कळेल तो कसला आहे. आम्हाला नाही कळणार. आणि तुमच्या सुनेने एक तुकडा आम्हाला ठेवायला दिलाय."

"कायले?"

"पुढे कोणा बाईला असाच गोळा झाला, तर तिच्या कामी यावा म्हणून."

"कोन्या गावची हाय ते?"

"माहीत नाही, आजी. जन्मलीही नसेल अजून."

आत्याबाईंनी डब्याला झाकण लावलं. "ठेवा मंग. पन फेकू नोका."

अर्ध्या तासाने आतून निरोप आला, कॅन्सर दिसत नाही. एक अंडाशय गेलं, बाकी सगळं जागेवर राहिलं.

दहा दिवसांनी पूर्ण रिपोर्ट आला. गोळ्याचे कितीतरी तुकडे करून बघितल्यावर एका कोपऱ्यात वेगळ्या पेशी सापडल्या होत्या. "कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण अगदी साधाही नाही. मधला आहे. दर सहा महिन्यांनी यायचं, चुकवायचं नाही."

"पुरला असता तं?" आत्याबाईंनी विचारलं.

"तर हा कोपरा राहून गेला असता."

अकोल्यापर्यंत आम्ही रेल्वेने आलो. मला सहीबद्दल बोलणी खायची होती, मी तयारीतही होते. मेडशीच्या एसटीत बसल्यावर आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "मले सांगतलं असतं, तं डबा आनला नसता. वझं झालं फुकटचं."

तोच डबा आता दर सहा महिन्यांनी मुगाचे लाडू भरून नागपूरला जातो. परवाचीही सोनोग्राफी स्वच्छ निघाली. माझं झाल्यावर आत्याबाईंनी डॉक्टरांच्या टेबलावर डबा ठेवला आणि विचारलं, "तो आमचा कसा हाय?"

"बर्फात आहे, आजी. नीट आहे."

"आला का कोनाच्या कामी?"

"अजून नाही. काम चालू आहे."

"चालू द्या," आत्याबाई म्हणाल्या आणि झाकण उघडून डबा त्यांच्यापुढे सरकवला. "खाऊन घ्या आधी."