पाटीची पाठ

"पत्र्याला पांघरूण घालणारा माणूस जगात दुसरा दाखवा, मी आत्ताच्या आत्ता गप्प बसते," सासूबाई म्हणाल्या.

"धूळ बसते त्यांच्यावर," सासरे म्हणाले.

"आमच्यावर चाळीस वर्षं बसतेय. आम्हाला कुणी चादर घातली नाही."

भांडण सकाळच्या चहापासून चालू होतं आणि आता दुपारचे तीन वाजत आले होते. विषय मागच्या खोलीचा. त्या खोलीत रस्त्यांच्या चौदा जुन्या पाट्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्यावर जुन्या चादरी होत्या. सोमवारी माझी दोन नवी शिलाई मशिनं आणि कापड बेतायचं मोठं टेबल येणार होतं. एका शाळेच्या गणवेशांचं काम मला मिळालं होतं. बारा वर्षं मी स्वयंपाकघराच्या दाराशी एका मशीनवर बसून फॉल, ब्लाउज आणि उशांचे अभ्रे शिवत आले होते; पाय जरा लांब केला की सिलिंडरला लागायचा. शाळेच्या बाई सोमवारी स्वतः येऊन जागा बघणार होत्या. जागा नसेल तर काम दुसरीकडे जाणार, हे त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं.

म्हणून भंगारवाल्याला मीच बोलावलं होतं. हे कबूल केलेलं बरं.

नवरा सोफ्यावर होता. त्या सोफ्याची डावी स्प्रिंग तुटलेली आहे. तिथे बसलं की माणूस तिरका होतो, आणि तिरक्या माणसाला भांडणात बाजू घ्यावी लागत नाही, असं मला कित्येकदा वाटलं आहे.

"बाबा, एखादी ठेवा ना," तो टीव्हीकडे बघत म्हणाला. "चौदाच्या चौदा कशाला?"

"तुला दोन डोळे कशाला?" सासरे म्हणाले. "एकाने दिसतंच की."

माझे सासरे रस्ते खात्यात पाटीरंगारी होते. चौतीस वर्षं. मोठ्या रस्त्यांच्या कडेला गावांची नावं, अंतरं, बाण आणि रस्त्याचे क्रमांक असत, ते सगळं त्या काळी हाताने रंगवलेलं असायचं. खडू लावलेली दोरी ताणायची, टिचकी मारायची, पत्र्यावर सरळ रेघ उमटते. त्या दोन रेघांच्या मध्ये अक्षर बसवायचं. गाडीतून जाणाऱ्याला ते दोन सेकंदांत वाचता आलं पाहिजे. एवढंच काम, असं ते सांगत. पण त्यांच्याबरोबर प्रवासाला निघालं की झोप लागायची सोय नाही. "हा सहा बघ. पोट सुटलंय त्याचं. माझा नाही." नाहीतर एकदम, "थांबव, थांबव, हा माझा," आणि नवऱ्याने गाडी थांबवेपर्यंत तो सहा दोन वळणं मागे गेलेला असायचा.

गल्लीत त्यांना सगळे 'किलोमीटर' म्हणतात. भाजीवालीसुद्धा. "किलोमीटरांच्या सूनबाई, मेथी घ्या." त्यांच्या कामामुळे नाव पडलं असेल, असंच मी धरून चालले होते. फक्त सासूबाईंना ते नाव कानावर आलं की त्या पदर खांद्यावर ओढून घेत आणि विषय बदलत. मी त्याचा कधी विचार केला नव्हता.

बरोबर तीनला भंगारवाला आला. उंच, कमी बोलणारा, कानामागे पेन्सिल खोचलेला. त्याने मागच्या खोलीत जाऊन चादरी बाजूला केल्या आणि लहान पाट्या एका हाताने उचलून बघितल्या. मग सगळ्यात मागच्या मोठ्या पाटीपाशी आला. ती जवळजवळ भिंतीएवढी रुंद. तिच्यावर एकच आकडा, सहा, आणि खाली तीन गावांची नावं.

"ताई, जरा हात लावा," तो मला म्हणाला. "पत्रा तर पातळ दिसतो. एवढी जड कशी?"

"रंग आहे तो," सासरे दारातून म्हणाले. "एकावर एक. रस्त्याचा आकडा बदलला की आम्ही खरवडायचो नाही, वरून रंगवायचो. त्याच्या आत अजून आकडे आहेत."

आम्ही दोघांनी पाटी धरून वळवली. भिंतीकडे असलेली तिची पाठ खिडकीच्या उजेडात आली, आणि भंगारवाल्याने हात काढून घेतला. एकदम, कुणाच्या तरी खाजगी गोष्टीला लागल्यासारखा.

पाठीवर तांबडा अस्तराचा रंग होता आणि त्याच्यावर पांढऱ्या बारीक अक्षरांत ओळी लिहिलेल्या होत्या. अक्षरं एका माणसाची नव्हती. वरची वेलबुट्टीसारखी, वळणदार. मधली ठसठशीत, खाली जोर दिलेली. शेवटची मी ओळखली. आमच्या डब्यांवर 'हरभराडाळ' आणि 'तूरडाळ' त्याच अक्षरांत लिहिलेलं आहे.

"हे काय?" मी विचारलं.

"पाठ आहे पाटीची," सासरे म्हणाले. "प्रत्येकीला असते. आकडा झाकायच्या आधी जुना आकडा मागे लिहायचा, साल टाकायचं. माझ्या उस्तादांनी लिहिलं म्हणून मी लिहिलं. साहेब लोक पुढून बघतात, पाठ कोण बघतो?"

"पण कशाला?"

"लोक यायचे ना. म्हातारी माणसं, जुनी पत्रं घेऊन. 'दोन नंबरच्या रस्त्यावर मामा राहतो.' आता दोन नंबरचा रस्ता राहिलेलाच नाही. मग आम्ही खात्याच्या शेडमधल्या पाट्या उलट्या करून बघायचो आणि सांगायचो, आजी, तुमचा दोन आता चौदा झालाय. चौदाने जा, मामा सापडेल."

सोफ्यावरून नवरा म्हणाला, "दोन नंबरच्या रस्त्यावर राहणारा मामा सापडला नाही तरच बरं." कुणी हसलं नाही, तेव्हा त्याने टीव्ही बंद केला आणि उठून आला.

मी वरून वाचायला लागले. सगळ्यात वरच्या ओळीत आकडाच नव्हता. लिहिलं होतं: 'मिठाचा रस्ता. पलीकडच्या टोकाला, पोस्टाचा रस्ता. मधल्या गावांत, नुसता मोठा रस्ता.' समोर साल. मी मनात वजाबाकी केली. तेव्हा सासऱ्यांचे वडीलसुद्धा पोरवयात असणार.

"एकाच रस्त्याची तीन नावं?"

"मग? रस्त्याला नाव माणूस देतो, आणि माणूस नेहमी समोरच्या टोकाचं देतो," सासरे म्हणाले. ते आता खोलीत येऊन खाली बसले होते, पाटीसमोर, मांडी घालून. "इथून मीठ आणायला जायचे, म्हणून मिठाचा रस्ता. तिथले लोक इथे पत्रं टाकायला यायचे, त्यांच्यासाठी पोस्टाचा. मधल्यांना कुठेच जायचं नव्हतं, त्यांचा नुसता मोठा. गाडीवान दर दहा कोसांवर विचारायचा आणि दर दहा कोसांवर वेगळं उत्तर. मग कुणाला तरी सुचलं, आकडा द्या. आकड्याला टोक नसतं. इथेही दोन, तिथेही दोन. पूर्व-पश्चिम आडव्या रस्त्यांना सम आकडे, दक्षिणोत्तर उभ्यांना विषम. पाटीवर विषम आकडा दिसला की न विचारता कळतं, आपण उभे चाललोय."

मी शिवणकाम करणारी बाई. जुना कपडा उसवला की शिवणीच्या आत कापडाचा मूळ रंग निघतो. बाहेरचा विटलेला निळा आत अजून मोरपंखी असतो. तशी ती पाटी माझ्यासमोर उसवत गेली. दोन. चौदा. सहा. रस्ता तोच, त्याच्यावरून जाणारे मात्र प्रत्येक वेळी दुसरे. आणि हे सगळं बारा वर्षं माझ्या घरात भिंतीकडे तोंड करून उभं होतं आणि मी त्याच्यावरच्या चादरी दर महिन्याला धुवत होते.

शेवटची ओळ सासऱ्यांच्या अक्षरांत होती. 'क्र. ६.' आणि त्याखाली, आणखी बारीक: 'एक किलोमीटर जास्त. चूक माझी.'

सासूबाई कधी येऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या कळलं नाही. त्यांनी चष्मा डोळ्यांवर नीट केला आणि ती ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"हे तुम्ही लिहून ठेवलंत?" त्या म्हणाल्या.

"खरं ते लिहायचं असतं."

"मला वाटलं, मिरवायला आणलीत." त्या माझ्याकडे वळल्या. "अगं, हा पोटात होता माझ्या," त्यांनी माझ्या नवऱ्याकडे हनुवटी केली, "सातवा महिना. आणि हे हातगाडीवर ही पाटी घालून भर गल्लीतून आले. मागे शेडमधली सगळी माणसं, 'किलोमीटर आला, किलोमीटर आला.' त्या दिवसापासून ते नाव. मी खिडकी लावून घेतली होती."

मग सासऱ्यांनी सांगितलं. चौदाचा सहा झाला त्याच वर्षी मैल जाऊन किलोमीटर आले. रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या नव्याने रंगवायच्या होत्या. एका टोकाहून दुसरा रंगारी निघाला, या टोकाहून माझे सासरे, मोजायचं चाक ढकलत. मध्यावर भेटायचं. भेटले, तेव्हा सासऱ्यांचे सत्तावन्न झाले होते आणि त्याचे छप्पन. खात्याच्या कागदावर रस्ता एकशे बाराचा होता.

"एक जास्त आला कुठून?" नवऱ्याने विचारलं. त्यालाही ही गोष्ट पहिल्यांदाच कळत होती.

"हुकूम आला होता, आता रस्ता बसस्टँडपासून धरायचा. मी कागद वाचलाच नाही. रस्ता कुठून सुरू होतो हे काय कागदात बघायचं? उस्तादांनी मला पहिल्या दिवशी पोस्टाच्या कोपऱ्यावर, या पाटीखाली उभं केलं होतं. म्हणाले, इथून. मी इथून धरला. पोस्ट ते स्टँड, एक किलोमीटर."

"मग सगळ्या पाट्या परत रंगवल्या?"

"सत्तावन्न? साहेब म्हणाले, राहू दे, कोण मोजतंय. पण ही पोस्टाजवळची काढायला लावली. म्हणाले, घेऊन जा तुझा किलोमीटर घरी."

नवऱ्याने खिशातून फोन काढला आणि रस्ता शोधला. "स्टँडपासूनच दाखवतोय सहा नंबर," तो म्हणाला. "इथे काहीच नाही."

"इथे आहे," सासरे म्हणाले आणि पाटीवर तळहात ठेवला. "आता एवढ्याच ठिकाणी लिहिलेलं आहे."

मला माझ्या माहेरची वाट आठवली. मध्यावर एक पाटी लागते, आमच्या शहराचं अंतर सत्तावन्न. गाडीच्या मीटरवर मात्र स्टँडपासून छप्पनच झालेले असतात. नवरा दर वेळी म्हणायचा, मीटर बिघडलाय. आम्ही गॅरेजला दोनदा दाखवला होता.

आणि मग मला एकदम कळलं. पोस्ट आणि स्टँड. त्यांच्या मध्ये आमची गल्ली.

मी खिडकीपाशी गेले; मागच्या खोलीची खिडकीही गल्लीवरच उघडते. तीच गल्ली. भाजीची गाडी, वाळत घातलेल्या सतरंज्या, एक झोपलेलं कुत्रं. पण इथली घरं एकमेकांपासून एवढी मागे सरून का बांधली आहेत, हे मी बारा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. बाकीच्या गल्ल्यांमध्ये समोरच्या खिडकीतून मीठ मागता येतं; आमच्याकडे हाक मारावी लागते. आमच्या दारासमोर, नळाशेजारी, जमिनीत अर्धा रुतलेला एक गोल डोक्याचा दगड आहे. भाजीवाली त्याच्यावर टोपली टेकवते.

"बाबा, तो दगड?"

"अर्ध्या मैलाचा," ते जागेवरून न उठता म्हणाले. "त्याच्यावरचा आकडा जमिनीत गेलाय. खाली आहे अजून."

मी खिडकीचे गज धरून उभी राहिले. मीठ आणायला गेलेल्या गाड्या इथून गेल्या होत्या, आमच्या खिडकीखालून. ती पत्रं, ते मामा शोधणारे लोक. मी कोथिंबीर घ्यायला रोज जी गल्ली ओलांडते तीच पुढे एकशेतेरा किलोमीटर जाते, पलीकडच्या टोकापर्यंत, आणि हे जगात एका माणसाला आणि एका पत्र्याला ठाऊक. सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्याही खाली बघू लागल्या. चाळीस वर्षांपूर्वी लावून घेतलेली खिडकी ती हीच.

"म्हणजे चूक तशी नव्हतीच," त्या म्हणाल्या.

"चूकच होती," सासरे म्हणाले. "कागद वाचायला हवा होता."

भंगारवाला अजून उभा होता. त्याने कानामागची पेन्सिल काढली, परत खोचली. "ताई, मग मी जाऊ का? टेम्पो खाली उभा आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्याला मी बोलावलं होतं, खोली मला हवी होती आणि सोमवार माझा होता. सासरे पाटीवरचा हात न काढता माझ्याकडे बघत होते, आणि काही मागत नव्हते, हे जास्त कठीण होतं. नवरा सवयीने परत सोफ्याकडे गेला होता आणि तिरका बसला होता.

मी पाटीची पाठ परत भिंतीकडे वळवली नाही. मोठी चादर घडी करून कपाटात ठेवली. मग पुढच्या खोलीत आले आणि दारापासून खिडकीपर्यंत पावलं टाकून बघितली. टेबल बसत होतं. मशिनं दोन्ही बसत होती, उजेड डावीकडून येत होता.

"तुम्ही थांबा," मी भंगारवाल्याला म्हटलं. मग नवऱ्याला म्हटलं, "ऊठ. सोफा जातोय, टीव्ही आतल्या खोलीत जाईल. सोमवारपासून शिलाई इथे, आणि पाट्या आहेत तिथेच राहतील."