सहावं ताट

ओल्शान्का या पोलिश गावच्या शाळेत अजूनही मुलांना हवेलीच्या बाईसाहेबांचं एक वाक्य सांगतात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी जर्मन कप्तानाच्या तोंडावर फेकलेलं वाक्य. गावात कोणी नवखा आला की त्याला हवेलीची उरलेली भिंत दाखवायची, ते वाक्य ऐकवायचं, आणि मग सगळ्यांनी मान डोलवायची. काय बाणेदार बाई, म्हणे. असेल बाणेदार, कोण नाही म्हणतंय? पण त्याच शाळेतल्या मास्तराला अपोलोनिया कुश्मिएर कोण होती ते विचारा. डोकं खाजवत बसेल.

अपोलोनिया हवेलीची स्वयंपाकीण, बाईसाहेबांची पोला. भांडी घासायला म्हणून पोरवयात आली आणि चुलीपर्यंत पोचली. नवरा जंगलात ओंडक्याखाली सापडून गेला. मागे एक मुलगा, वालेक. आईचं नाक, बापाचे खांदे, आणि भूक दोघांची मिळून. तोंडाने फटकळ बाई. कारभारी तेओफिल स्वयंपाकघरात डोकावला की म्हणायची, "या कारभारी, तुमचं पोट कधीच आत आलंय, तुम्ही तेवढे मागे राहिलात." तो हसायचा आणि जाताना एक तरी डंपलिंग तोंडात टाकून जायचा.

युद्धाच्या दुसऱ्या शरदात कप्तान आला. वरचा मजला त्याने घेतला, पियानोच्या दालनात खोगिरं टांगली, आणि बाईसाहेबांना जेवणघरामागच्या दोन खोल्या उरल्या. सेवेरिना बाईसाहेब विधवा, एकट्या, ताठ. आपल्याच घराच्या जिन्यावर कप्तान समोरून आला तर अशा बाजूने जायच्या, जसा काही तो भाडं थकवलेला भाडेकरू आहे. गावाला त्याचं कोण कौतुक. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं होतं ते.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी जर्मनांनी चौक वेढला आणि धडधाकट पोरं मजुरीसाठी जर्मनीला न्यायला गाडीत कोंबली. त्यात वालेक होता. आठवड्याने तो चिखलाने माखून मागच्या दाराशी उभा. धावत्या गाडीतून उडी मारली होती, रात्री चालला होता, दिवसा दलदलीत पडून राहिला होता. अपोलोनियाला काही सुचेना. आसरा देणाऱ्यालाही गोळी घालत होते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाईसाहेबांनीच मार्ग काढला. माळ्यावर धुरांड्याला लागून मांस धुरावर वाळवायची खोली होती. डुकरं जर्मनांनी केव्हाच नेली होती, म्हणून ती रिकामी. तिथे त्याला ठेवायचं. अपोलोनिया म्हणाली, खाली कप्तान झोपतो. बाईसाहेब म्हणाल्या, दिव्याखालीच अंधार असतो. हे त्यांचं ऋण खरं, ते नाकारता येणार नाही. तेवढ्या धोक्यात दुसऱ्याच्या पोराला कोण ठेवून घेतं?

पाच महिने पोरगं माळ्यावर राहिलं. आई धुरांडं बघायच्या निमित्ताने वर जायची, येताना एप्रनखाली रिकामी वाटी लपवून आणायची. वालेक काजळीने काळा झाला होता आणि खोकला दाबायला शिकला होता.

मग नाताळची आदली संध्याकाळ आली. वर्षात त्या एका जेवणाला मालकीण आणि नोकर एका टेबलाला बसत. टेबलाच्या कापडाखाली मूठभर वाळलेलं गवत, पहिली चांदणी दिसली की चर्चमधून आणलेला पिठाचा पातळ पापुद्रा, वेफर, एकमेकांसोबत मोडून खायचा, वर्षाचे रुसवेफुगवे माफ करायचे, आणि मग सूप. आणि एक ताट जास्तीचं मांडायचं, अवचित येणाऱ्या पाहुण्याचं. भिकारी येवो, वाट चुकलेला येवो, दारात कोण उभा आहे ते न विचारता त्याला बसवायचं. पाहुणा दारी, देव दारी. आमच्याकडे हे लहान पोरही जाणतं.

सकाळी अपोलोनिया म्हणाली होती, या वर्षी ते ताट राहू द्या. उगाच कशाला कोणाच्या डोळ्यांवर यायचं? बाईसाहेबांच्या भुवया चढल्या. स्वीडिश फौजा आल्या तेव्हा या घरात ताट मांडलं होतं, झारच्या अमलात मांडलं होतं, आता या बुटवाल्यासाठी मोडायचं होय? अपोलोनियाने ताट मांडलं. जेवायला बाईसाहेब, कारभारी, मोलकरीण, माळी आणि ती अशी पाच माणसं. ताटं सहा. वेफर मोडताना तिने एक तुकडा हळूच एप्रनच्या खिशात टाकला, वालेकसाठी.

सूप वाढणार, तोच दार उघडलं. कप्तान. हातात दारूची बाटली, डोळे थोडे लाल, कॉलर सुटलेली. शुभेच्छा द्यायला आलोय, म्हणाला. घरची आठवण आली असावी, आमच्या पोरांना मारणाऱ्यांनाही घरं होतीच. त्याची नजर रिकाम्या ताटावर गेली. हे कोणाचं? कारभाऱ्याला जर्मन येत होतं. त्याने रीत सांगितली, की जो अवचित येईल त्याचं. कप्तानाचा चेहरा एकदम पोरासारखा झाला. म्हणजे माझंच की, म्हणाला, आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

अपोलोनिया कधीच उठली होती. तिने खुर्ची मागे ओढली, पळी हातात घेतली. तिच्या मनात एकच होतं. बस बाबा, बस. तू सैतान असलास तरी गीळ, दोन वाट्या सूप पी, मासा खा, आणि वर जाऊन घोरत पड. शिवाय रीतही हेच सांगत होती. रीतीत कुठे लिहिलंय की पाहुणा आवडीचाच हवा?

बाईसाहेब बसल्या जागेवरून बोलल्या. जर्मन त्यांना कारभाऱ्यापेक्षा चांगलं येत होतं, पण बोलल्या पोलिशमध्ये. "ही खुर्ची पाहुण्याची आहे. दुसऱ्याचं घर बळकावून बसलेल्याची नाही. आमचा माणूस येईल, तो बसेल."

हेच ते शाळेतलं वाक्य.

कारभाऱ्याने घाम पुसत त्याचं जर्मन केलं. त्याला दोन शब्द गाळता आले असते, बाईसाहेबांना बरं नाही असं काहीतरी सांगता आलं असतं. पण तोही हवेलीचंच मीठ खाल्लेला, त्याने शब्दाला शब्द दिला. कप्तानाचा हात खुर्चीवरून निघाला. ताटाकडे बघत त्याने विचारलं, "तुमचा कोणता माणूस?"

त्याने बाटली टेबलावर ठेवली आणि शिपायांना हाक मारली. तळघर झालं, तबेला झाला, शेवटी माळा. वालेकला जिन्यावरून खाली आणलं तेव्हा उजेडाने त्याचे डोळे मिटले होते. आईला शोधायला त्याने मान इकडे तिकडे फिरवली.

कोणी लपवलं, असा प्रश्न झाला. अपोलोनिया पुढे झाली. मी लपवलं, म्हणाली, बाईसाहेबांना यातलं काही ठाऊक नाही. असं म्हणताना तिने मालकिणीकडे पाहिलं. वाटलं असेल, की आता ही ताठ बाई उठेल, तेच ते चांगलं जर्मन काढेल, घराण्याचं नाव पुढे करेल, काहीतरी करेल. एवढं मोठं तोंड होतं मघाशी. बाईसाहेब समोरच्या मेणबत्तीकडे बघत राहिल्या. तोंडातून अवाक्षर नाही.

कप्तानाला ते सोयीचंच होतं. घरंदाज बाईला हात लावायचा म्हणजे वरिष्ठांना उत्तरं देत बसा. पोराला बर्फावरच्या स्लेजगाडीवर टाकून तालुक्याला पाठवलं. स्वयंपाकिणीला म्हणाला, तू राहा, तुझ्या हाताला चव आहे. पोराचं काय ते बघू. सकाळी आठला कॉफी.

आणि तिने कॉफी केली! त्या 'बघू' या एका शब्दावर बाई आठवडाभर जगली. कप्तानाला आवडतो म्हणून कार्प मासा लोण्यात तळला, शेवटच्या साखरेचा केक केला, त्याचे बूट शेकोटीजवळ वाळवले. तो बोटं चाटायचा आणि बघू म्हणायचा. आठव्या दिवशी तालुक्याहून दूधवाला आला. त्याने टोपी काढली, तेव्हाच तिला कळलं. पोराला दुसऱ्याच दिवशी पहाटे वीटभट्टीच्या खड्ड्यात गोळी घातली होती. ती कप्तानासाठी मासे तळत होती, आणि पोरगं मातीत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाकीच्यांनी वाक्यं पाठ करावीत. एप्रनच्या खिशातल्या वेफरचा चुरा झाला होता.

पुढच्या उन्हाळ्यात जर्मन पळाले, रशियन आले, आणि पानं गळायच्या आत नव्या सरकारचे लोक जमीनदारांच्या जमिनी वाटायला आले. बाईसाहेबांना एका छकड्यावर बसवून जिल्ह्याबाहेर काढलं, परत पाऊल टाकायचं नाही असा हुकूम. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथे लोकांनी वासे खांद्यावरच नेले. कौलं गेली, फरशी गेली, पियानोत कोणाच्या तरी कोंबड्या अंडी घालू लागल्या. वाक्य सांगताना जे मान डोलवतात, त्यातल्या निम्म्यांच्या घराला हवेलीचे दरवाजे आहेत. स्वयंपाकघर तेवढं वाचलं, कारण अपोलोनिया त्यातून हलली नाही. तिला जमिनीची एक पट्टी मिळाली, तिने एक गाय घेतली. बाईसाहेबांच्या जुलमाविषयी सभेत बोल, असा सरकारी माणसांनी आग्रह धरला. ती म्हणाली, माझं काय आहे ते तिच्याशी आहे, तुमच्याशी नाही. आणि दार लावून घेतलं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती एकच ताट मांडायची. वेफर कोणाबरोबर मोडायची नाही, शेजारणी आल्या तरी नाही. त्या संध्याकाळी गुरांनाही वेफर देतात, तेवढा ती गाईला द्यायची.

अशीच बरीच वर्षं गेली. एका नाताळच्या आदल्या संध्याकाळी, नुकती चांदणी दिसली होती, दारावर थाप पडली. बाहेर एक वाळलेली म्हातारी, विरलेला कोट, पुठ्ठ्याची पेटी. बाईसाहेबच त्या. जुना हुकूम न जुमानता नवऱ्याच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला आल्या होत्या, शेवटची बस चुकली होती. मान मात्र तशीच ताठ. अपोलोनियाने दार पूर्ण उघडलं.

बाईसाहेबांनी टेबल पाहिलं. "पोला, ताट एकच?"

"आमचा पाहुणा येऊन गेला, बाईसाहेब."

घरात खुर्चीही एकच होती. ती अपोलोनियाने मागे ओढली, त्यांना बसवलं, स्वतःचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं आणि आपण लाकडांच्या खोक्यावर टेकली. बिटाचं सूप वाढलं, वर डंपलिंग घातली, थोडा मासा होता तोही दिला. बाईसाहेबांनी चमचा उचलला नाही. पेटीतून रुमाल काढला, त्यातून अख्खा वेफर काढला आणि पुढे धरला.

"त्या दिवशी मला तोंड आवरता आलं नाही, पोला."

"गप्प बसायचं तेव्हा बोललात," अपोलोनिया म्हणाली, "आणि बोलायचं तेव्हा गप्प बसलात. खा आता, सूप निवतंय."

हात तसाच पुढे राहिला. अपोलोनिया उठली, फळीवरचा आपला वेफर घेतला आणि गोठ्यात गेली. भिंत पातळ, पलीकडे तिचा आवाज ऐकू येत होता. ती गाईशी बोलत होती, वालेकला कोणती डंपलिंग आवडायची ते सांगत होती. परत आली तेव्हा ताट रिकामं होतं. म्हातारीला भूक असणारच. अख्खा वेफर ताटाशेजारी पडला होता.

अपोलोनियाने त्यांना चुलीजवळ अंथरूण घालून दिलं, आपलं पांघरूणही दिलं. पहाटे बसपर्यंत पेटी उचलून नेली आणि बस सुटेपर्यंत थांबली. घरी येऊन टेबल पुसलं, तो वेफर उचलला आणि कोंड्यात कालवून गाईपुढे ठेवला.