कुल्पाश आपा आणि बिनवाऱ्याची समिती

ज्या गावात वारा मेंढ्यांना लोळवतो, तिथल्या वाऱ्याची पाहणी सरकारी समितीने नेमकी वारा पडलेल्या दिवशी करावी, हे आमच्या कझाख मुलखातच घडू जाणे. खिंडीतून येणाऱ्या वाऱ्याला आम्ही एबी म्हणतो. त्यात साहेबांच्या टोप्या उडतात. म्हणून समिती जुलैतला एखादा शांत दिवस बघून येते, मेंढीवर ताव मारते, 'अफाट क्षमता' असं लिहून घेते आणि ढेकर देत जाते. अकरा वर्षांत अकरा मेंढ्या गेल्या. क्षमता आहे तिथेच आहे.

कुल्पाश आपा आमच्या दवाखान्यातली नर्स. तीस वर्षं टोचून टोचून तिच्या जिभेलाही सुई फुटलेली. तिचं दुखणं एकच, लसींचा फ्रिज. आमची वीज हजार किलोमीटरवर कोळसा जाळून तयार होते आणि तारांवरून इथवर येते. एबी सुटला की तारा तुटतात. म्हणजे वारा आला की दिवे गेले! गेल्या सालच्या वसंतात पोरांच्या लसी दोनदा फेकाव्या लागल्या. दवाखान्यामागे एक पवनचक्की बसवा, एवढाच आपाचा अर्ज. समितीचे अध्यक्ष सिरिम्बेतोव दर वर्षी तो खिशात घालायचे. कामाच्या मानाने त्यांचे खिसे फारच मोठे.

गेल्या साली आपाने कळवलं, मेंढी यंदा ऑक्टोबरात कापणार. समिती मुकाट्याने ऑक्टोबरात, ऐन एबीच्या दिवसांत आली. जेवण अंगणात तंबूखाली मांडलं होतं. सिरिम्बेतोवांपुढे मानाचं मेंढीचं डोकं ठेवलं, आणि एबीने तंबू उचलून नेला.

"आपा, आत बसू या की!" साहेब टोपी दाबून ओरडले.

"पाहणीला आलायस ना, बाळा? मग पाहा की."

उठायची सोय नव्हती. पुढ्यात डोकं ठेवल्यावर ते कापून, आशीर्वाद देऊनच पाहुण्याने उठायचं. साहेबांनी घाईघाईने कान कापला आणि दोन्ही तळवे उघडले. "या गावाच्या चुलींचा कोळसा यंदा वेळेवर येवो!"

आता सगळ्यांनी आमीन म्हणून तोंडावरून हात फिरवायचे. आपाचे हात मांडीवरच राहिले. मग आमचेही. आमीनवाचून राहिलेला आशीर्वाद देणाऱ्यावरच उलटतो, असं आमच्या म्हाताऱ्या सांगतात. साहेब विज्ञानाचे पदवीधर, त्यामुळे त्यांचा यावर ठाम विश्वास.

उघड्या तळव्यांत धूळ साचू लागली.

"आपा, म्हण ना आमीन!"

"कोळशाला? अरे, नाकातोंडात वारा शिरतोय तुझ्या, आणि बाहेर कोळसाच पडतोय? नीट माग."

"पण वरून मंजुरी..."

"वर अल्ला आहे. त्याच्याकडेच तर हात पसरलेयस."

समितीतले बाकीचे साहेब ताटातल्या मांसाकडे बघत बसले होते. या बाबतीत त्यांचं स्वतंत्र मत नव्हतं. कुठल्याच बाबतीत नसतं.

"दवाखान्यामागे," सिरिम्बेतोव रडवेल्या आवाजात म्हणाले, "वसंताआधी... पवनचक्की उभी राहो."

"आमीन!" सगळं अंगण ओरडलं. आपाने खिशातून अर्ज काढला, साहेबांच्या हातात पेन दिलं आणि कागद उडू नये म्हणून सही होईपर्यंत दोन्ही हातांनी दाबून धरला.

चक्की मार्चमध्ये फिरू लागली. पुढच्याच आठवड्यात एबीने तारा तोडल्या. गावात वीज नाही, आणि दवाखान्यात फ्रिज घुरघुरतोय. आपाने दार उघडून थंड कुप्या मोजल्या, दार लावलं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या बायांना हाक मारली, "पोरं आणा गं, आजच टोचते!"