नळीत राहिलेला छर्रा

मानवतच्या बाजारपेठेमागे नर्मदाबाईंचं घर. नवरा बन्सीधर आडतीवर कापूस तोलतात. एकुलती एक मुलगी राजेश्री एअर रायफलने नेमबाजी करायची. परसातल्या भिंतीवर पत्र्याची ताटली टांगून रोज दुपारी सराव. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्.

गेल्या पावसाळ्यात ती अशीच नेम धरून उभी होती. "आई, चक्कर यायलीय," म्हणाली आणि खालीच बसली. अंग भाजत होतं. नर्मदाबाईंनी रायफल पिशवीत सरकवली आणि पोरीला घेऊन रिक्षा गाठली. डेंग्यू निघाला. परभणीच्या दवाखान्यातून राजेश्री परत आली नाही.

तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि एका दुपारी परसातून आवाज आला. टक्. नर्मदाबाई धावत गेल्या. वारा नव्हता. ताटली जागच्या जागी होती. मग तो आवाज येतच राहिला. नवऱ्याला त्यांनी सांगितलं नाही. ते आधीच अबोल झाले होते. त्यात बायकोचंही डोकं फिरलं असं वाटायला नको.

रायफल घरातून गेली तर पोरीचा जीव मोकळा होईल, असं त्यांच्या मनाने घेतलं. राजेश्रीची मैत्रीण शिवानी पुण्यात सराव करते, ती दुसऱ्याच्या रायफलीवर. तिला पाठवायची म्हणून त्या पिशवी घेऊन पोस्टात गेल्या.

"मावशी, बंदूक म्हणलं की आमाला वर विचारावं लागतं," पोस्टमास्तर रंगनाथ म्हणाले. "ही खेळाची हाय, तवा विचारून बघतो. खरेदीची पावती अन् शिवानीचं क्लबचं कार्ड लागंल. छर्रे संगं चालणार न्हाईत. नळी रिकामी पायजे. उघडून दाखवा बरं."

छर्रा भरताना राजेश्री करायची तशी त्यांनी नळी खाली वाकवली. ती लुळ्या हातासारखी पडली. आत करड्या रंगाचा एक छर्रा बसलेला होता.

पोरीने भरलेला. झाडायचा राहिलेला.

शिवानीला फोन लावला. "काकू, नळी लुळी पडली म्हणजे आतली स्प्रिंग ताणलेलीच आहे," ती म्हणाली. "झाडल्याशिवाय मोकळी होणार नाही. घरी परसात, भिंतीकडे तोंड करून."

नर्मदाबाई घरी आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी रायफल खांद्याला लावली. बराच वेळ बोट वळेना. शेवटी डोळे मिटून त्यांनी घोडा दाबला.

बन्सीधर जेवायला घरी आले होते. ते दारात येऊन म्हणाले, "आज लय जोरात वाजलं."

नर्मदाबाईंनी वळून पाहिलं. "आज म्हणजे? तुमाला बी येतो आवाज?"

"पयल्या दिसापासून," ते म्हणाले. "तू घाबरशील म्हणून बोललो न्हाई."

दोघं तिथंच ओट्यावर बसले आणि पोर गेल्यापासून पहिल्यांदा एकमेकांसमोर रडले.

वरून होकार आला आणि पार्सल गेलं. आवाज मात्र गेला नाही. दुपारी तो आला की आता दोघं हातातलं काम थांबवतात, एवढंच.

पंधरवड्याने शिवानीचा फोन आला. "काकू, राजेश्रीचा गाल टेकून टेकून रायफलीच्या दस्त्याचं लाकूड गुळगुळीत झालंय. माझा गाल घसरतो. घसरू नये म्हणून त्यावर पट्टी चिकटवू का?"

नर्मदाबाईंनी परसातल्या ताटलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "लाव, माय."