भिमाजीचं दावं

"मानसाचं मन मोडू न्हाई, बाकी काय मोडायचं ते मोडू द्यावं," हे भिमाजीच्या कायम तोंडात असायचं. त्यापायी काष्टी गावात त्याला चहा कधी विकत घ्यावा लागला नाही, आणि पळताही कधी आलं नाही.

पळायचं खूळ लेकीचं. रेश्मा नागापूरला कारखान्यात कामाला. गेल्या वर्षी तिथल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत बापलेकीनं पळायचं ठरवलं. पण निम्म्या वाटेवर गावचाच छगन रात्रपाळी करून मोटारसायकलवर चाललेला. "बसा तात्या," म्हणाला. भिमाजी बसला. रेश्मा घामाघूम होऊन पोचली तेव्हा बाप शेवटच्या कमानीखाली केळं सोलत उभा. कारखान्यातल्या बाया वर्षभर तिला विचारत होत्या, "तुझे वडील कोणत्या गाडीनं पळतात गं?"

"आबा, औंदा पायानं या," रेश्मा म्हणाली. हसली नाही. ते भिमाजीला लागलं.

तयारी सुरू झाली. सकाळी तो पळायला लागला, की दुधाचा टेम्पो थांबे, उसाचा ट्रॅक्टर थांबे. पळणारा माणूस म्हणजे अडलेला माणूस, एवढंच गावाला ठाऊक. आणि 'बसा' म्हटल्यावर न बसणं भिमाजीला ठाऊक नव्हतं. तो निम्मा तालुका हिंडला, पळाला मात्र हाकेच्या अंतराएवढा.

मग एकदा खरंच त्याची म्हैस सुटली. तिला बांधायचं दावं हातात घेऊन भिमाजी धावला, आणि नवल झालं. एकही गाडी थांबली नाही. "ओढ्याकडं बघा तात्या," म्हणत लोक वाट देत गेले. जनावर शोधणाऱ्याला गाडीवर कोण घेतो?

म्हैस गोठ्यामागंच उभी होती. पण त्या दिवसापासून भिमाजी दाव्याशिवाय पळाला नाही. म्हैस दावणीला रवंथ करायची, आणि मालक तिला शोधत कोसभर जाऊन यायचा.

"इकून टाका ती म्हैस," लोक सांगायचे. "लई हिंडती."

शर्यतीच्या दिवशी छातीवर नंबर, हातात दावं. रेश्मानं दाव्याकडे एकदा पाहिलं आणि पुढं पळाली.

निम्म्या वाटेवर छगन आलाच. गाडी हळू झाली. पण छगनची नजर दाव्यावर गेली.

"म्हैस? आन् हितं?"

खोटं बोलवेना, बोलायला दमही नव्हता. भिमाजीनं नुसता पुढच्या रस्त्याकडं हात केला.

"तुमी या सावकाश, मी बघतो," म्हणत छगन सुसाट गेला.

जवळजवळ शेवटी, पण पायानं, भिमाजी कमानीखाली आला. रेश्मानं त्याच्या गळ्यात पदक घातलं, हातात केळं दिलं. "बसा आता आबा."

भिमाजी बसला नाही.

"छगन्या रातीचं जागरण करून म्हैस हुडकतोय गं. त्याला सांगून येतो."

केळं छगनसाठी खिशात ठेवून, दावं खांद्यावर टाकून, लंगडत तो रस्त्याला लागला. एक रिक्षा त्याच्याजवळ हळू झाली. दावं पाहून पुढं गेली. कारखान्यातल्या बाया बघत होत्या, आणि तो वळणाआड जाईपर्यंत रेश्मा.