जुगार आहे की नाही, हे मला विचारलं तेव्हा

आधी माफी मागतो. माझी शाळा हिंदीतली. मराठी मी फक्त घरात बोललो, आणि तीही आमच्या ग्वाल्हेरची, जी ऐकून पुण्याकडचे पाहुणे हळूच हसतात. चार पानं मराठीत लिहायची ही माझी पहिलीच वेळ. विषय कायद्याचा आहे आणि कायदा शिकायला लागून मला जेमतेम तीन वर्षं झालीत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कुठे चुकलो तर घरात कोणी सांगणारं नाही. शिवाय जे लिहितोय ते खरं तर माझ्या मोठ्या भावाचं आहे, आणि मी त्याला विचारलेलं नाही. तरी लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगावं असं माझ्याजवळ कोणी नाही.

आम्ही बिर्ला नगरात राहतो. आजोबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली, खोल्या राहिल्या. बाबा नई सडकेवर एका कापडाच्या दुकानात नोकरी करतात. दादा मोटर वाइंडिंगचं काम करायचा: कूलरचे पंप, पंखे, पाण्याच्या मोटारी. बारावीनंतर तो शिकला नाही. घरात एकाच्याच शिकण्यापुरती ऐपत होती आणि तो एक मी झालो. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र पहिल्या दिवसापासून ‘वकील’ म्हणायचा. "वकील, पाणी दे." "वकील, तुझी चप्पल वाटेत आहे, उचल."

कॉलेजात माझं कुणाशी जमलं नाही. वाईट कोणीच नव्हतं. पण बहुतेकांच्या घरी वडील नाहीतर काका वकील होते, त्यांना बोलायला विषय सापडायचे, आणि मी वाक्य मनात जुळवेपर्यंत ते उठून गेलेले असायचे. त्यामुळे संध्याकाळी दादा कामावरून आला की माझा दिवस सुरू व्हायचा. हाताचं व्हार्निश कपड्याच्या साबणानं घासून काढून तो गच्चीवर यायचा आणि आम्ही टीम लावायचो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोबाइलवर सामन्यातल्या दोन्ही संघांतून आपले अकरा खेळाडू निवडायचे. प्रत्यक्ष सामन्यात ते जसे खेळतील तसे आपल्याला गुण मिळतात. ज्याला कप्तान केलं त्याचे गुण दुप्पट. प्रत्येक जण थोडे पैसे भरतो, आणि सगळ्यांत जास्त गुण ज्यांचे, त्यांना ते मिळतात. नाणेफेक झाली की कोण खेळणार ते कळतं, मग मोजकी मिनिटं हातात उरतात. त्या मिनिटांत दादा वेगळाच माणूस व्हायचा.

"कप्तान कोण?" मी विचारायचो.

"तू सांग, वकील."

"मागच्या सामन्यात ज्यानं शतक मारलं तोच."

"हेच तर! सगळा हिंदुस्थान त्यालाच घेणार. मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? पिच बघ, सूखी आहे. हा डावखुरा फिरकीवाला घे. आज ह्याची चांदी."

"आणि पिटला तर?"

"तर तू माझी केस लढ."

जिंकला की दुसऱ्या दिवशी सकाळी तो गरम बेडई, म्हणजे आमच्याकडची डाळ भरलेली पुरी, घेऊन यायचा. मला क्रिकेटपेक्षा त्याचं ते बोलणं आवडायचं. मैदान, वारा, दव, कुणाचा गुडघा दुखतोय, सगळं त्याला ठाऊक. मला वाटायचं, शिकला असता तर हा माझ्यापेक्षा फार पुढे गेला असता.

मग दादाचं लग्न जमायला आलं. इथे आपल्यातली मराठा घरं मोजकीच, त्यामुळे मुलगी बघायची म्हणजे एक तर नात्यातलीच निघते, नाहीतर झाशी-इंदूरकडे जावं लागतं. ही मात्र आमच्याच शहरातल्या लष्कर भागातली होती, फूलबागेजवळच्या एका बालवाडीत शिकवायची. पत्रिका जुळली. दोघं दोनदा भेटली. दादा स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करायला लागला. आई म्हणायची, "देवाला वाहिलेलं फूल असावं तसा जपतोय एकेक शर्ट." दादाला ती मुलगी फार आवडली होती. त्याच्या आयुष्यात त्याला स्वतःला हवी अशी गोष्ट मी पहिल्यांदा बघत होतो.

मुलीच्या घरची एक रीत होती. तिचे आजोबा आकड्यांच्या सट्ट्यात सगळं घालवून बसले होते आणि ते लग्नानंतर वर्षभरानं आजीला कळलं होतं. तेव्हापासून त्यांच्याकडे सुपारी फोडण्याआधी घरातलं वडीलधारं माणूस समोरच्या घरातल्या प्रत्येकाला विचारतं, "काही सांगायचं राहिलंय का?" गप्प बसून चालत नाही. प्रत्येकानं तोंडानं उत्तर द्यायचं.

त्या दिवशी विचारायला मुलीचे मोठे काका होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. ताटात सुपारी, शेजारी अडकित्ता. त्यांनी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "नाही." आईला विचारलं. आई म्हणाली, "ह्याला भेंडी चालत नाही, तेवढंच." सगळे हसले. मग दादा.

"मी मोबाइलवर क्रिकेटची टीम लावतो," दादा म्हणाला. "थोडे पैसे लागतात. मागून कळण्यापेक्षा आताच सांगितलेलं बरं."

हसणं थांबलं.

"मतलब सट्टा?" काका म्हणाले.

"सट्टा नाही काका. स्किलचा गेम आहे. दिमाग लागतो त्याला."

मुलीची आई दारातूनच म्हणाली, "आमच्या मामंजींनाही दिमागच लागायचा. आकडा काढायला."

काका माझ्याकडे वळले. क्रमानं माझी पाळी होतीच, पण त्यांनी मला नेहमीचा प्रश्न विचारला नाही. "वकीलसाहेब, तुम्ही शिकताय. तुम्ही सांगा, हा जुगार आहे की नाही?"

दादा माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर मला काळजी दिसली नाही. आपला माणूस बोलायला उभा राहतोय म्हटल्यावर माणूस जसा सैल होऊन बसतो, तसा तो बसला होता.

"कायद्यानं बघितलं तर," मी सुरुवात केली, "न्यायालयांनी ह्याला कौशल्याचा खेळ म्हटलंय. खेळाडूंची माहिती लागते, विचार करावा लागतो. परंतु..."

त्या ‘परंतु’वर सगळी खोली थांबली. मला परीक्षेत असंच लिहायला शिकवलं होतं, आधी एक बाजू, मग दुसरी. मी पुढे गेलो. "परंतु निवड आपली असली तरी खेळणारे दुसरे असतात. झेल सुटला, पाऊस आला, तर आपल्या हातात काही नसतं. आणि पैसे लावायची सवय लागू शकते. म्हणून काही लोकांचं म्हणणं असं की ह्याला जुगारासारखेच नियम असावेत."

"लोकांचं राहू दे," काका म्हणाले. "तुझं काय म्हणणं?"

मी ताटातल्या सुपारीकडे बघितलं. मग म्हणालो, "मला नक्की सांगता येणार नाही."

खरंच येत नव्हतं. खोटं बोललो नाही, एवढंच मी नंतर स्वतःला सांगत राहिलो. काकांनी अडकित्ता उचलला होता, तो परत ताटात ठेवला. म्हणाले, "पुढच्या गुरुवारी बघू या." आम्ही चहा घेतला आणि निघालो. बाहेर आल्यावर दादा माझ्याकडे न बघता चपला घालत राहिला.

गुरुवार यायच्या आत निरोप आला, पत्रिका जुळत नाही. "पत्रिका तर आधीच जुळवली होती," बाबा म्हणाले. मला कुणीही दोष दिला नाही. आईनंसुद्धा नाही. पण दादा संध्याकाळी गच्चीवर यायचा थांबला. मला ‘वकील’ म्हणायचाही थांबला. काही हवं असलं तर आईला सांगायचा, आई मला सांगायची. एकाच खोलीत झोपणारी दोन माणसं किती व्यवस्थित एकमेकांना टाळू शकतात, हे मला तेव्हा कळलं. दोन महिन्यांनी तो अहमदाबादला एसी दुरुस्तीच्या कामावर गेला. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण बोलला बाबांशी.

त्या उन्हाळ्यात आमच्या कूलरचा पंप जळला. घरात पैसे देऊन मेकॅनिक बोलावायची ती पहिलीच वेळ होती. तो काम करत होता तेव्हा आई बाहेर जाऊन बसली.

कॉलेजात पुढे एका सरांनी निबंधाला नेमका हाच विषय दिला: अशा खेळांचं नियमन जुगार म्हणून व्हावं का? वर्गात सगळ्यांची मतं तयार होती. एक मुलगी म्हणाली, मोठ्या माणसानं आपले पैसे कसे घालवावेत हे सरकारनं का सांगावं? मागून कोणी म्हणालं, ज्याचे जातात त्याच्या आईला विचार. मी पंधरा दिवस ग्रंथालयात बसलो आणि अकरा पानं लिहिली. निकाल वाचले, वयाची अट, दिवसाला किती पैसे लावता यावेत ह्याची मर्यादा, जाहिरातींवर बंधनं, सगळं लिहिलं. सरांनी शेवटच्या पानावर लाल शाईत एवढंच लिहून दिलं, "आपका मत कहाँ है?" त्या खोलीत काकांनी विचारलं होतं तेच. जुगार म्हणावं तर दादा जुगारी ठरत होता. नाही म्हणावं तर त्याच्या बाजूनं बोलताना मी उगाच अडखळलो, असं ठरत होतं.

त्यानंतर संसदेनं कायदाच केला आणि पैसे लावून खेळायचे मोबाइलवरचे सगळे खेळ बंद झाले, मग त्यांना डोकं लागो की नशीब. कॉलेजात दिवसभर चर्चा चालली. चोरून खेळतील, जास्त बुडतील, असं काही म्हणत होते. मला वाटलं, हे थोडं आधी झालं असतं तर काकांना मला विचारायची गरजच पडली नसती. मी दादाला मेसेज केला, "दादा, तो खेळ बंद झाला." त्यानं वाचल्याचं दिसलं. उत्तर आलं नाही. रविवारी आईला फोन आला तेव्हा मी मुद्दाम जवळ बसून राहिलो. बाबांची तब्येत, घराचं भाडं, शेजारच्यांची गाय, सगळ्याची चौकशी झाली.

मागच्या महिन्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि काही दिवस दुपारी त्यांच्या जागेवर मी दुकानात उभा राहिलो. एकदा मुलीचे काका आले. आहेरासाठी शर्टाची कापडं हवी होती. मी ओळखलं, त्यांनीही ओळखलं. पुतणीचं लग्न झाशीला ठरलंय, म्हणाले. मी अभिनंदन केलं आणि कापडाचा तागा उलगडत राहिलो. कापड फाडून झाल्यावर मला राहवलं नाही.

"काका, त्या दिवशी मी नीट बोललो असतो तर आज... माझ्यामुळे झालं ते. माफ करा."

"तुझ्यामुळे?" ते माझ्याकडे बघत राहिले. "अरे, तुझं बोलणं तर आम्हाला आवडलं होतं. सख्ख्या भावासाठीसुद्धा पोरगा खोटं बोलला नाही, असं घर कुठे मिळतं? गुरुवारी सुपारी फोडायचीच ठरली होती. तुझा भाऊ दुसऱ्याच दिवशी एकटा आला."

मी विचारलं, कशाला?

"थोडे पैसे म्हणाला होता ना? थोडे नव्हते. दुकान टाकायला साठवलेले सगळे गेले होते, वर मित्रांचेही. म्हणाला, मुलीला फसवून आणणार नाही. पत्रिकेचं त्यानंच सुचवलं, तुझ्या आईबाबांना लागू नये म्हणून."

दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. मी कापडाची घडी घालत होतो आणि ती नीट बसत नव्हती. दादा कधी हरला होता ते मला आठवेना. जिंकल्याची बेडई तेवढी आठवत होती. जुगारात हरलेला माणूस नशिबाला शिव्या देऊ शकतो. पण कौशल्याचा खेळ म्हटला की हरणारा मूर्ख ठरतो. आम्ही त्याला कौशल्य म्हणत राहिलो, मी तर न्यायालयांचे दाखले देऊन म्हटलं, आणि त्यामुळे घरातल्या एकाही माणसाला आपण हरतोय हे त्याला सांगता आलं नाही. सरांनी मत विचारलं होतं. ते मला आता देता आलं असतं. जुगार म्हणा त्याला. हरणाऱ्याला घरी येऊन सांगता येईल असं काहीतरी म्हणा.

"मला सांगायला हवं होतं तुम्ही," मी म्हणालो.

काकांनी पिशवी उचलली, मग परत फळीवर टेकवली.

"त्यानंच हात जोडले होते," ते म्हणाले. "म्हणाला, आईबाबांना एक वेळ कळलं तरी चालेल, पण धाकट्याला नको. त्याला वाटतं, मला खेळ कळतो."